कुंदामावशी विचारते

कुंदामावशी कुणालाही काहीही विचारायची, आणि तेही प्रस्तावनेशिवाय. राजापूरहून डी. फार्मसाठी ठाण्याला आले, तेव्हा बाळकुमला तिच्याकडे खोली बघायला गेलेले. तिने मला नखशिखान्त न्याहाळलं आणि पहिला प्रश्न टाकला, "घोरतेस का गं?" मी नाही म्हणाले. "मग कसं जमंल? मी तं लय घोरते," म्हणत ती स्वतःच खदखदून हसली. खोली मिळाली.

मावशी तिथल्या जुन्या गाववाल्यांपैकी. भातशेतीच्या जागी टॉवर उभे राहिले, तरी तिचा आवाज बांधावरून हाक मारल्यासारखाच. लिफ्टमध्ये अनोळखी माणसाला बिनधास्त विचारणार, "बायकोशी भांडून आलास का रं?" तिच्याकडे भाड्याने राहणाऱ्या आम्ही मुली लाजेने अर्ध्या व्हायचो. "इचारलं तं काय जीभ झडते का?" हे तिचं ठरलेलं उत्तर.

दुसऱ्या वर्षी मी दोनदा नापास झाले. घरी मात्र पास झाल्याचं सांगितलं. हळूहळू जेवण सुटलं, बोलणं सुटलं, कॉलेजला जाणंही. एका सकाळी मी माझा ॲप्रन आणि सगळी पुस्तकं खोलीतल्या स्नेहलला देऊन टाकली. "मला आता लागणार नाहीत," एवढंच म्हणाले. ती घाबरली आणि तडक मावशीकडे गेली.

मावशी आली, माझ्या कॉटवर टेकली. आवाज पहिल्यांदाच हळू.

"पोरी, मरायचा इचार येतो का मनात?"

तोवर सगळे मला फक्त 'अभ्यास कर' म्हणत होते. हे कुणी विचारलंच नव्हतं. मी "हो" म्हणाले आणि रडत सुटले. मावशी रागावली नाही, आईबापांची शपथ घातली नाही. म्हणाली, "बरं झालं बोललीस. आता ह्यो इचार तुज्या एकटीचा नाय, आपल्या दोघींचा."

तासाभरात आम्ही तिघी रिक्षाने सरकारी दवाखान्यात. मानसोपचार विभागाबाहेर मी ओढणीत तोंड लपवून बसले, तर मावशी शेजारच्या बाईंना म्हणतेय, "आमची पोर आजारी हाय. तुमचं कोन?" बाई दचकल्या. मग म्हणाल्या, "मीच." पुढचा अर्धा तास दोघी सुकटीच्या चटणीवर बोलत होत्या.

डॉक्टर मावशीला म्हणाले, "थेट विचारलंत ते फार बरं केलंत. विचारल्याने असा विचार मनात भरत नाही, उलट माणूस मोकळं होतं." मावशीने आमच्याकडे असं पाहिलं, जणू तीच बोर्डात पहिली आलेली.

गोळ्या सुरू झाल्या, ठरलेल्या दिवशी डॉक्टरांशी बोलणं सुरू झालं. मावशीला शेजारी बसवून मी आईला फोनवर खरं सांगितलं. आई दुसऱ्याच दिवशी आली. मधेच पुन्हा वाईट दिवस यायचे, पण तेव्हा मी स्वतःच मावशीचं दार वाजवायचे. तिसऱ्या खेपेला पास झाले आणि विठ्ठलवाडीला एका मेडिकलमध्ये नोकरी लागली.

खोली सोडताना मी तिला विचारलं, "मावशी, त्या दिवशी मला असं विचारताना तुला भीती नाही वाटली?"

"वाटली तं! हात कापत व्हते गं माजे," मावशी म्हणाली. "पदराखाली धरलेले."