बुडीत गावाची फाइल

रेकॉर्डच्या ऑफिसात कागदांना वाळवी लागते, किश्शांना नाही! शहापूरच्या आमच्या ऑफिसात सन दोन हजारच्या आसपास कॉम्प्युटर आला आणि किस्से ठेवायला कपाट पुरेना.

*

रेकॉर्ड सांभाळायला नाना. कापडात बांधलेल्या फायलींच्या गठ्ठ्याला ते रुमाल म्हणायचे, आणि हवा तो रुमाल डोळे मिटून काढायचे. माझा भारी जीव त्यांच्यावर. मी कॉम्प्युटरवाला. डेटाबेसच्या डिस्कवर फाइल कुठे आहे ते काळ्या स्क्रीनवर 'फाइंड' कमांड टाइप करून शोधायचो. पहिल्या दिवशी नाना मागे उभे राहिले.

"म्हंजे ठेवलं यानंच, आन् कुठं ठेवलं ते आपुन शोधायचं?"

मी एंटर दाबलं.

*

एकदा मुरबाडकडच्या एका गावाचं नाव टाइप करायचा कंटाळा केला आणि नुसती चांदणीची खूण टाकली. चांदणी म्हणजे 'असेल ते सगळं दाखव'. झालं! फायलींची रांग संपेना, मशीन दुपारपर्यंत हँग!

"अरे, मी कपाटातनं एक रुमाल काढतो. तू तर आख्खं कपाट अंगावर पाडलंस!"

तेव्हापासून मी आधी नेमका फोल्डर सांगायचो, मगच फाइंड मारायचो.

*

आणि एक दिवस खर्डीची संगीता आली, रडकुंडीला. धरणग्रस्ताच्या दाखल्यावर तिची नर्सची नोकरी अडकलेली, कागद द्यायचा उद्या शेवटचा दिवस. तिच्या वडलांचं गाव धरणात गेलेलं; त्यांचा मूळ कागद वाळवीने खाल्लेला, स्कॅन तेवढा मशीनमध्ये. धरणात गेलेल्या गावांसाठी 'बुडीत' असा फोल्डर होता, बाकीच्यांसाठी 'चालू गावं'. फाइंड मारला. काही नाही. पुन्हा मारला. काही नाही!

"फाइल मशीनवर चढवली कुणी व्हती?" नानांनी विचारलं.

"सुलभाताईंनी." आमच्या टायपिस्ट. त्या डबा खायला गेल्या होत्या.

नानांनी स्क्रीनकडे बोट केलं. "मंग 'चालू गावं' बघ."

"नाना, गाव धरणात आहे!"

"बघ तर रे."

मिळाली! संगीता नानांच्या पायाच पडली आणि प्रिंट छातीशी धरून स्टँडकडे पळाली.

तेवढ्यात सुलभाताई हात पुसत आल्या.

"ताई, बुडालेलं गाव चालू गावांत टाकलंत?"

त्यांनी खुर्ची ओढली, पुढचा कागद घेतला आणि टायपिंग सुरू केलं.

"माझं माहेर हाय ते."