शौकतभाईंच्या हातातली सायकल

काळेवाडीतले शौकतभाई सायकली दुरुस्त करतात. पिंपळे सौदागरची एक शाळा गरजू मुलांना वाटायला जुन्या सायकली गोळा करते; भाई त्या फुकटात ठीकठाक करून देतात. यंदा शाळेच्या पद्मा मॅडमनी त्यांना वाटपाच्या कार्यक्रमाला आवर्जून बोलावलं. भाई इस्त्रीचा सदरा घालून गेले. दारातल्या बाईंनी त्यांची काळी नखं बघितली आणि थेट गरजू मुलांच्या पालकांच्या रांगेत बसवलं. भाईंना वाटलं, मानाची जागा असेल! मग नावगाव न विचारता मंचावर नेलं आणि हातात सायकल दिली. परवाच तिचा टायर त्यांनी बदलला होता. भाई ती परत द्यायला लागले. सायकलीचं दुसरं टोक पद्मा मॅडमच्या हातात होतं. वर्षानुवर्षं भाईंच्या दुकानात चहा पिणाऱ्या मॅडम त्यांच्या तोंडाकडे न बघताच म्हणाल्या, “लाजू नका, बाबा. नातवासाठी ना? कॅमेऱ्याकडे बघून हसा.”