आंघोळीच्या मावशींची परवानगी

आंघोळीच्या मावशी आल्या, की आमच्या डोंबिवलीच्या इमारतीतल्या शिकल्यासवरलेल्या बायकांची दातखीळ बसे. बँकेत साहेबाला उलट उत्तर देणाऱ्या, शाळेत वर्गच्या वर्ग गप्प बसवणाऱ्या या बायका. पण बाळाला तेल लावून न्हाऊ घालायला शीळफाट्याकडच्या गावातून येणाऱ्या मावशींपुढे चूं करत नसत. हात मात्र असा, की किरकिरं पोरही त्यांच्या पायांवर झोपून जाई.

मावशींचा राग सुईवर. ट्रिपलची लस टोचली की मांडीला गाठ येते, ताप चढतो आणि मालिश बंद पडतं. "मी पाय सरळ करायचे आन् त्या नर्सनं भोसकायचे! सुई दिली तं दुसरी बाई बघ," असं त्या ठणकावत. दुसरी बाई मिळणार कुठून? पालिकेची नर्स ट्रिपलची सुई आणि पोलिओचे थेंब असा दोन्हींचा डोस बर्फाच्या डब्यात घेऊन जिने चढे आणि बंद दारं बघून उतरे. माझ्या मुलीचा डोस लांबला तेव्हा मी कुरकुरले, तर सासूबाई म्हणाल्या, "मावशी गेल्या तर आंघोळ तू घालणार आहेस का?" पदवीधर सुनेने डोसाचं कार्ड मुकाट कपाटात ठेवून दिलं!

शेवटी नर्सनेच डोकं चालवलं. पोस्टरं दाखवायची सोडून ती मावशींना म्हणाली, "मावशी, डोस देताना बाळांना तुम्हीच धरा. तुमच्यासारखा हात कुणाचा नाही." झालं! मावशी अशा फुगल्या, की दुसऱ्याच आठवड्यात जिन्यात त्यांचा आवाज घुमू लागला. "ए पोरी, आण पोराला! डोस नाय तं आंघोळ नाय!" बघता बघता इमारतीत डोसावाचून एक मूल उरलं नाही. शास्त्राला जे जमलं नाही ते खुशामतीला जमलं, आणि आम्ही म्हणे सुशिक्षित.

एकदा मावशी बरेच दिवस फिरकल्या नाहीत. मी तणतणत त्यांच्या गावी गेले. त्या ओट्यावर नातवाला पायांवर घेऊन बसल्या होत्या. पोराचा उजवा पाय लुळा पडला होता. पोलिओ.

"डोस?" मी विचारलं.

"सुनेला रोज सांगितला. पोऱ्या बोलला, सोसायटीतली अक्कल सोसायटीत ठेव."

त्या दिवट्या मुलाला चार शब्द सुनावायला मी आत पाहिलं. तो बाहेर आलाच नाही. आमच्या इमारतीत जिच्या शब्दाबाहेर कुणी जात नव्हतं, तिचं स्वतःच्या घरात कुणी ऐकलं नव्हतं.

मावशी त्या पायावर तेल चोळत राहिल्या.

"सरळ होईल ना गो?" त्यांनी विचारलं. इतक्या दिवसांत त्यांनी मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं, आणि मला रडू आवरेना.