सरकत्या जिन्यावरचा टोमॅटो

माझ्या नवऱ्याला एकदा पुण्यातल्या एका मॉलमध्ये नोकरी लागली होती. जेमतेम अर्धा तास टिकली.

अर्ज वगैरे काही केला नव्हता. आम्ही गेलो होतो ते आमच्या मुलाला, संदीपला, एकच गोष्ट विचारायला: शेती करायला परत येतोस का? ह्यांची कंबर पार कामातून गेली होती. टोमॅटोच्या बांधणीला वाकले की सरळ करायला दुसरं माणूस लागायचं, आणि ते दुसरं माणूस म्हणजे मी. शेजारचे दत्तूभाऊ आमचं रान खंडाने कसायला मागत होते. त्यांना तिथे ऊस लावायचा होता. पाडव्याच्या आत काय ते सांगा, म्हणाले होते. संदीप येणार असेल तर रान ठेवायचं, नसेल तर देऊन टाकायचं. इतकी सरळ गोष्ट घेऊन नवरा-बायको शहरात गेले की काय होतं, ते सांगते.

आमचं गाव खोडद. बांधावर उभं राहिलं की दुर्बिणीच्या त्या जाळीच्या अवाढव्य थाळ्या दिसतात. त्यांना आकाशातलं लांब लांबचं ऐकू येतं म्हणे. संदीपही तसल्याच कामाला होता. रात्रभर कानाला यंत्र लावून अमेरिकेतल्या बायकांच्या तक्रारी ऐकायचा. (खोडदच्या एका बाईच्या तक्रारी ऐकायला त्याला रविवारच सापडायचा, तोही झोपेत.) तिथे त्याचं नाव सँडी. बारशाला आत्याने इतका विचार करून नाव ठेवलं, ते वायाच गेलं!

एसटीत ह्यांनी वाटभर बोलण्याची तयारी केली. नारायणगावला सुरुवात होती, "संदीप, आता तू मोठा झालास." मंचरला त्यात कंबर आली. राजगुरुनगरला कंबर काढून टाकली, कारण पोराने दयेपोटी येऊ नये. नाशिक फाटा आला तेव्हा सगळ्या भाषणातलं "काय मग?" एवढंच शिल्लक राहिलं होतं.

संदीपने आम्हाला खोलीवर नेलं नाही. तिथे पोरं दिवसा झोपलेली असतात, म्हणाला. थेट मॉलमध्ये नेलं. आत शिरल्या शिरल्या एवढे दिवे बघून ह्यांनी विचारलं, "लगीन कुणाचं हाय हितं?" पुढे सरकता जिना होता. लोक त्यावर गप्प उभे राहून वर जात होते. मी पाय टाकायला साफ नकार दिला. जिना थांबल्याशिवाय मी चढायची नाही, म्हटलं. जिना थांबला नाही.

"बरं, मग तुम्ही खालीच भाजीबिजी बघत बसा," संदीप म्हणाला, "मी वरून आलोच."

इथे चुकलं. आम्हा दोघांना भाजी बघत बसा, असं कुणी सांगू नये.

टोमॅटो क्रेटमध्ये मांडले होते. क्रेट आमच्याकडच्यासारखीच, फक्त धुतलेली. ह्यांनी वाकून बघितलं (वाकता येत नसताना!) आणि तोंड वाकडं केलं. पिकलेला माल, कच्चा माल, बारकी गोल्टी आणि डागाळलेला बदला, सगळं एकातच कोंबलेलं. आमच्याकडे असा माल बाजारात नेला तर व्यापारी बघायच्या आधी गावच हसेल.

"ह्यो माल कुणी भरलाय?" हे म्हणाले. "एक नासका तेवढा काढतो फक्त."

तो एक नासका काढला. त्याच्याखाली दुसरा होता. बघता बघता ह्यांनी चार ढीग केले आणि कमरेवर हात ठेवून मध्ये उभे राहिले. अंगात पांढरा सदरा, डोक्याला टोपी. तिथल्या कंपनीने मुद्दाम शेतकरी आणून उभा केलाय, असं लोकांना वाटलं असणार. मोबाइलवर बोलणाऱ्या एका मुलीने न बघताच पिशवी पुढे केली, "काका, एक किलो." ह्यांनी निवडून भरून दिली. मग दुसरी आली. मग रांगच लागली. सगळी संदीपच्या वयाची पोरंपोरी. एकीने ताजे आहेत का विचारलं, तर हे म्हणाले, "न्हाई ताई, चार दिसाचा माल हाय. चटणीला चालंल, कोशिंबिरीला नका नेऊ." एवढं खरं बोलल्यावर रांग मोडायला हवी होती, ती वाढली. एका पोराने पास्त्याला कुठले चांगले, म्हणून विचारलं. "ते पीक आमच्याकडं न्हाई," हे म्हणाले.

मी त्यांना आवरू शकले असते. पण माझं लक्ष क्रेटच्या तळाकडे होतं. नारायणगावच्या बाजारात व्यापारी क्रेट जमिनीवर पालथं करून बघतो, वर चांगला माल लावून खाली बदला भरलाय का ते. तीच सवय. मी एक भरलेलं क्रेट उचललं आणि पालथं केलं.

बाजारातली जमीन खडबडीत असते. मॉलची फरशी आरशासारखी होती! टोमॅटो जे सुटले ते थेट कपड्यांच्या दुकानापर्यंत. एक बाई किंचाळली. एक लहान मूल आनंदाने त्यांच्यात जाऊन बसलं. आणि एक टोमॅटो, चांगला नंबर एकचा, घरंगळत त्या सरकत्या जिन्यावर गेला, पायरीवर बसला आणि कुणाचा हात न धरता वर निघाला.

वर संदीप उभा होता. टोमॅटो येताना बघून त्याला खाली कोण आहे ते कळलं, असं तो नंतर म्हणाला.

तोवर पहारेकरी आला होता, पाठोपाठ टाय लावलेला मॅनेजर. त्याने ह्यांना अगदी गंभीरपणे विचारलं, "तुम्ही कुठल्या एजन्सीकडून?"

"खोडदकडून," हे म्हणाले.

मला धाकधूक होती ती वेगळीच. सँडी आम्हाला ओळख देतोय का, ही. संदीप खाली आला, मॅनेजरला म्हणाला, "माझे आई-वडील आहेत," आणि इस्त्रीच्या पँटीतच त्या फरशीवर मांडी घालून बसला. एकेक टोमॅटो गोळा करून निवडायला लागला. बघत नव्हता, नुसते हात चालले होते. नंबर एक इकडे, गोल्टी तिकडे, बदला मागे. लहानपणी शाळेतून आल्यावर निवडायचा तसाच. हेही त्याच्यासमोर खाली बसले. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, आता विचारतील. ओठ हललेसुद्धा.

संदीप मान वर न करता ह्यांना म्हणाला, "दादा, दत्तूकाकांना देऊन टाका रान. मी नाय येणार."

दत्तूभाऊंचा पुतण्या त्याच्याच खोलीवर राहतो, हे आम्ही दोघंही विसरलो होतो.

ह्यांनी संदीपच्या हातातल्या टोमॅटोकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "देठ काढ त्याचा. दुसऱ्या मालाला टोचतो."

संदीपने देठ काढला.

एवढंच बोलणं झालं. फुटलेले टोमॅटो आम्ही विकत घेतले, कारण मॅनेजर नको नको म्हणत असला तरी त्याची नजर हो म्हणत होती. संदीपने ह्यांच्या हातात एक खोकं दिलं. वर तो त्यासाठीच गेला होता. कमरेचा पट्टा होता, चांगला भारीतला. स्टँडवर त्याने आम्हाला एसटीत बसवून दिलं आणि कामावर जायच्या आधी झोपायला गेला. परत येताना ह्यांनी कुठल्याच गावाला काही म्हटलं नाही.

घरी पोचलो तर दत्तूभाऊ ओट्यावर बसलेले. ह्यांनी पिशवी माझ्याकडे दिली, सदऱ्यावरूनच तो नवा पट्टा बांधला आणि रानाकडे निघून गेले. तिथे त्या वेळी काही काम नव्हतं.

दत्तूभाऊंनी पिशवीत डोकावलं. "वहिनी, पुण्यावरून टमाटी आणली? खोडदला?"

"सवय करतोय, भाऊ," मी म्हटलं. "तुमी लावा ऊस."

ते हसले, मग त्यांना कळलं, मग उठून घराकडे निघाले. पण गोष्ट गावात पसरायची ती पसरली. अजूनही लग्नकार्यात कुणी ना कुणी गाठून विचारतंच, "काय वहिनी, आता पुण्यावरून कांदं कधी आणताय?"

जिना थांबला की आणते, म्हणते मी.