मामाच्या डोक्यातलं गंधक

समस्त वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात अस्मादिकांच्या डोक्यावरून हिमवर्षाव सुरूच होता आणि त्यामुळे इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याचा एक मंगल समारंभ धोक्यात आला.

हिमवर्षाव म्हणजे कोंडा. समारंभ म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या, मंदाच्या मुलाचं जावळ. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेला मुलगा. जावळ काढताना बाळाला मामानं मांडीवर घ्यायचं असतं, आणि मंदाला भाऊ मी एकटाच. पण तिच्या सासूबाईंनी, म्हणजे आक्कांनी, बारशालाच माझ्या काळ्या कोटाचे पांढरे खांदे हेरून ठेवले होते. मंदाचं पत्र आलं : 'दादा, कोंडा बाळाला लागेल, मांडीवर दुसऱ्या कुणाला तरी बसवू, असं आक्का म्हणतात. काहीतरी कर रे.' त्या 'रे'पाशी शाई पसरली होती. मी दुसऱ्याच दिवशी स्वारगेटला एसटीत बसलो.

वाटेत बारामतीला उतरलो. तिथल्या त्वचेच्या डॉक्टरांनी गंधकाचं मलम दिलं. "आठवड्यातून दोनदा, बोटभर. दहा मिनिटांनी धुवायचं. महिनाभर धीर धरा."

"जावळ परवा आहे."

"मग असेच जा. कोंडा एकाचा दुसऱ्याला लागत नाही."

"हे माझ्या बहिणीच्या सासूला लिहून द्याल?"

डॉक्टर हसले, आणि खरंच लिहून दिलं.

पण धीर कुणाला? लॉजवर मी अर्धी डबी डोक्याला थापली आणि तासभर तसाच बसलो. डोकं चुरचुरलं, बोटातली चांदीची अंगठी काळी पडली. तीनदा न्हालो, तरी वास जाईना. दुसऱ्या दिवशी इंदापूरच्या एसटीत शेजारचे एक आबा दोनदा हुंगून उभे राहिले. "कंडक्टर, बघा की वो! काड्याची पेटी पेटलीया कुठंतरी!" मी खिडकीबाहेरच्या उसाकडे मोठ्या आस्थेनं पाहू लागलो.

इंदापूरला हायवेच्या ट्रकांकडे पाठ करून चिलापीचं (उजनीच्या पाण्यातला मासा) झणझणीत कालवण आणि ज्वारीची भाकरी हाणली. म्हटलं, एक वास दुसऱ्याला मारील. दोन्ही वास वरकुट्याच्या वडापमध्ये (खच्चून भरलेली जीप) गुण्यागोविंदानं माझ्यासोबत चढले.

आक्कांनी डॉक्टरांची चिठ्ठी मंदाकडून वाचून घेतली. "डाक्टरचं काय जातंय लिव्हायला! आन् ह्यो कसला वास?" मग मंदाच्या तोंडाकडे बघून जरा निवळल्या. "बरं. पोरगं मांडीवर टिकलं, तर बसा. पर त्यो बापाबगर कुणाकडंच जात न्हाय. रडला, का उठायचं."

एवढ्यात मंदाचा नवरा द्राक्षबागेतून आला. नखशिखान्त पिवळा. "दादा, गंधक लावलं व्हय? आवो, भुरीवर (वेलीवर पडणारा पांढरा रोग) आमी ह्येच मारतो. बारामतीला कशाला गेला? छपरात पोतं हाय, धुरळतो की तुमच्या डोस्क्यावर!"

"आवो, माणूस हाय त्यो!" मंदा ओरडली. "वेल न्हाय!"

जावळाच्या दिवशी मांडवात बाळ आधी आत्याकडे रडलं, मग चुलत्याकडे. केस कापायला आलेल्या तात्यांनी कात्री खाली ठेवली. मंदानं डोळे मिटून बाळाला माझ्या मांडीवर दिलं. त्यानं अंग ताठ केलं, तोंड उघडलं, श्वास आत ओढला आणि तिथंच थांबलं. एकदा हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग माझ्या मानेत नाक खुपसून गप्प पडून राहिलं. तात्यांनी अलगद कात्री चालवली. मी श्वाससुद्धा बेतानं घेत होतो.

कोंडा पुढे महिनाभरानं गेला, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसाच. पण परतीच्या एसटीत माझ्या शेजारची जागा पुण्यापर्यंत रिकामीच राहिली, आणि मला त्याचं काही म्हणजे काही वाटलं नाही. डोळ्यांपुढे तेच चित्र होतं : हसता हसता रडणारी मंदा, मांडवाच्या दाराशी बागेतून तसाच पिवळा धावत आलेला तिचा नवरा, आणि माझ्या मानेशी नाक नेऊन हुंगणाऱ्या आक्का, सगळ्या गावासमोर ओरडलेल्या, "अगं बया! ह्या मामाला तर बापाचा वास येतोय की!"