फॉर्मावर नसलेला प्रश्न

"किती दिवसांपासून तिखट सोसत नाही?" डॉक्टरीणबाईंनी माझ्या नवऱ्याला विचारलं आणि कोणी कानशिलात वाजवावी तसं मला झालं.

कारण हा प्रश्न माझा. मी आशा वर्कर आहे. कळंब तालुक्यातल्या आमच्या गावात घरोघर फिरून तोंडाच्या तपासणीचे फॉर्म भरते. खर्रा खाता का? तोंड पूर्ण उघडतं का? तिखटानं तोंडाची आग होते का? अख्ख्या गावाला विचारलं. घरच्या माणसाला तेवढं विचारलं नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. गालाच्या आतली कातडी कडक होते, ताणली जात नाही. मग तोंड उघडत नाही आणि साधं वरणही आगीसारखं लागतं. पण डाव्या गालातली ही जखम मला बरी दिसत नाही. बायोप्सी करू, म्हणजे तुकडा काढून तपासायला पाठवू."

आमचे हे, गौतम, मोटार वायंडिंगचं काम करतात. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा त्यांना चहाच्या आधी लागायचा. आमच्याकडे मौतीच्या घरीसुद्धा त्याच्या पुड्या फिरतात. सरकारच्या मोहिमेत मी आणि मास्तरांनी शाळेपासून शंभर यार्डांवर पिवळी रेघ मारली, तर पानठेलेवाल्यानं ठेला उचलून रेघेच्या दोन पावलं पलीकडे मांडला. तिथलं पहिलं गिऱ्हाईक आमच्याच घरचं! आणि मी काय केलं? विहारात तपासणीचं शिबिर घेणारी मी, लोक काय म्हणतील म्हणून फॉर्मात स्वतःच्या घराच्या नावापुढे "व्यसन नाही" असं लिहून मोकळी झाले.

आता मारहाणीचं सांगते. रागात अरे-तुरे निघेल, निघू द्या.

दोन वर्षं आमच्या घरात रोज लढाई. पहिला घास गेला की त्याचं ताट भिंतीवर. "जहर कालवलं काय यात? माहा जीव घेतं काय?" एकदा वरणाचा गंज, भरलं पातेलं, फेकून मारला, कपाळाला चार टाके पडले. आरोग्य केंद्रात सिस्टरला मी सांगितलं, न्हाणीत पाय घसरला. मीही काही गरीब गाय नव्हते. तापलेलं उलथनं त्याच्या दंडावर ओढलं आहे, डाग अजून आहे.

आणि बायांनो, जे कोणाला सांगितलं नव्हतं तेही सांगते. मार बसला की दुसऱ्या दिवशी मी भाजीत मुद्दाम चमचाभर तिखट जास्त टाकायची. खा लेका, म्हणायची मनात.

त्या दिवशी दुपारी त्यानं मला भिंतीला दाबून गळा धरला. डोळ्यांपुढे अंधारी आली. हाताला पाट्यावरचा वरवंटा लागला तो मी उचलला. जीवच घेणार होते, खोटं कशाला बोलू? वरवंटा पाहून त्यानं हात सोडला, शिवी द्यायला तोंड उघडायला गेला, आणि ते उघडलंच नाही. जबडा अडकला. नुसती लाळ गळत राहिली.

शिबिरात पाहते तशी मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"तोंड उघडा," मी म्हटलं.

"काहून?" दातांतूनच बोलला.

"उघडा म्हणते ना! नाहीतर हा टाळक्यात घालते."

चांगल्या तोंडात तीन बोटं उभी जातात. त्याच्या तोंडात एक गेलं. दुसरं मी रेटलं तर तो चावला, कचकन. रक्त आलं. मी बोट काढलं नाही, तशीच बोंबलत राहिले. बोटासाठी नव्हते रडत.

दुसऱ्या दिवशी यवतमाळ गाठलं. तिथे काय झालं ते वर सांगितलंच.

तुकडा तपासून यायला आठ दिवस लागले आणि त्या आठ दिवसांत खर्रा बंद. तिसऱ्या दिवशी त्यानं आरसा फोडला, दार लाथेनं निखळवलं. व्यसनमुक्ती केंद्रातल्या ताईंनी आधीच सांगितलं होतं, "तलफ काही मिनिटंच जोरात असते, तेवढा वेळ काढायला लावा. पण हात उगारला तर तलफेचं नाव सांगून सोसू नका, घराबाहेर निघा." मी निघाले. रिपोर्ट येईपर्यंत नेरला बहिणीकडे राहिले. रिपोर्टच्या दिवशी तो दवाखान्याच्या बाकावर एकटा माझी वाट पाहत बसला होता.

कार्सिनोमा निघाला. म्हणजे कॅन्सर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून गळ्यात पसरलेला दिसत नाही. ऑपरेशन लवकर करून घ्या."

नागपूरला गालाचा आणि जबड्याचा भाग कापला, छातीचं मांस तिथे लावलं. सात तास मी बाहेर बसून होते. नंतर पाहिलं तर नाकात नळी, गळ्यात नळी, तोंड सुजून भोपळा. मारायला निघालेली मी, पण तो असा पडलेला पाहवला नाही हो मला.

पाचव्या दिवशी त्याला शुद्ध चांगली होती. बोलता येत नव्हतं, म्हणूनच माझी हिंमत झाली. म्हटलं, "मी मुद्दाम तिखट टाकत होती. मार बसला की दुसऱ्या दिवशी."

त्यानं खुणेनं पेन मागितला आणि केसपेपरच्या मागे वाकडंतिकडं लिहिलं, "मले वाटे तू रोजच टाकतं. म्हून डॉक्टरले नाई दाखवलं."

तो कागद मी जपून ठेवला आहे.

आता वर्ष उलटून गेलं. तो भाकर वरणात चुरून खातो, वरण बिनतिखटाचं. आइस्क्रीमच्या काड्या दातांत धरून तोंड उघडायचा व्यायाम करतो, एकेक काडी वाढवत. ज्यांनी त्याला वाचवलं त्या डॉक्टरांचे आणि वॉर्डातल्या सिस्टरांचे उपकार फिटायचे नाहीत. मारलं ते मी माफ केलं का? नाही. आजार होता म्हणून हात उचलायची मुभा मिळत नाही, आणि आता उचलला तर मी परत येणार नाही, हे त्याला पक्कं माहीत आहे.

माझ्या घरचा फॉर्म मी नव्यानं भरला, खरा. आणि आता घरोघर गेले की आधी बाईला एकटीला गाठते आणि फॉर्मावर नसलेला प्रश्न विचारते, "तुमच्या घरी जेवताना ताट फेकते काय कोणी?"

परवा एका घरी बाईनं पदर कपाळावर ओढून घेतला. मी तिला माझे टाके दाखवले, कुठे फोन करायचा ते सांगितलं. मग तिच्या नवऱ्याला अंगणात बोलावलं.

"तोंड उघडा."

"काहून?"

चावलेलं बोट मी पुढे केलं. एक गेलं. दुसरं मी जपून घातलं. तेही गेलं. तिसरं नाही गेलं.

"दोन गेले," मी त्याच्या बायकोला ओरडून सांगितलं, "दोन गेले वो बाई, आमच्या घरी एकच गेलं होतं! चाल, गाडी काढाले लाव, आजच जाऊ."