ब्रेक दाबला की वाढणारी फुसफुस

आमच्या बाबांनी तीसएक वर्षं बोरी अरबला गाड्या दुरुस्त केल्या. जीप, ट्रॅक्टर, टेम्पो, दारात येईल ते. गाडी नीट थांबायच्या आधीच ते आतून ओरडायचे, "बेरिंग गेलं रे तुहं!" आणि खोलून बघितलं की बेरिंगच गेलेलं असायचं. म्हणून यंदा मार्चमध्ये जे झालं, ते समजायलाच मला वेळ लागला.

मी यवतमाळला शाळेत शिकवते. त्या शनिवारी दुपारी घरी आले होते, आणि बाबा मला घेऊन दारव्ह्याला आत्याकडे निघाले होते. गाडी त्यांचीच, जुनी, पेट्रोलवरची. गावाबाहेरच्या वळणावर शेळ्या आडव्या आल्या. बाबांनी ब्रेक दाबला, तरी गाडी पुढे सरकतच राहिली. सीटवरून अर्धे उठून, सगळं अंग टाकून ते पाय दाबत होते. गाडी थांबली तेव्हा शेवटची शेळी आणि तिला हाकणारी म्हातारी आमच्यापासून हातभर लांब होत्या. म्हातारी शिव्या देईल असं वाटलं. पण ती बाबांकडे नुसतं बघून निघून गेली.

बाबांनी गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच होतं, आणि आता मला तो आवाज आला. सायकलच्या ट्यूबमधून हवा निघावी तसा, बारीक आणि सलग.

"बाबा, हे फुसफुस कायची होऊन राह्यली?"

"कायची फुसफुस?"

"आयकू नाई येत तुमाले?"

त्यांनी मान कलती केली. "मले तं काईच येत नाई. पंख्याचा असन."

मी उतरून बॉनेट उघडलं. आवाज आता अगदी स्पष्ट येत होता. बाबांनी वाकून कान लावला, मग मान फिरवून दुसरा लावला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. इंजिनची घरघर त्यांना ऐकू येत होती, माझं बोलणंही येत होतं. फक्त ही बारीक फुसफुस त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती.

"कुठून येते, तू सांग," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

मी डोकं आत घातलं. "मागून. तुमच्या सीटच्या बाजूनं. हा थाळीसारखा काळा डबा आहे न, त्याच्यापाशी."

"बूस्टर हाय तो, ब्रेकले जोर देते. जाय, बसून ब्रेक दाब. आवाज बदलते का, पाह्य."

दाबला. आवाज वाढला. सोडला, कमी झाला. मी ओरडून सांगितलं. बाबा म्हणाले, "आता गाडी बंद कर. चार-पाच खेपा ब्रेक मार. मंग पाय ठेवूनच चालू कर. पाय खाली गेला पायजे." मी तसं केलं. इंजिन चालू झालं, पण पाय होता तिथेच राहिला. पेडल दगडासारखं घट्ट.

"नाई गेला, बाबा."

त्यांनी डब्याकडे जाणारा रबरी पाइप बोटांनी चाचपला आणि एका जागी अंगठा दाबून धरला. थरथरणारं इंजिन एकदम शांत चालायला लागलं, फुसफुसही थांबली. पाइपच्या टोकाशी, खालच्या अंगाला, नखाएवढी चीर होती. इंजिनची हवा ओढायची ताकद तिथून वाया जात होती, म्हणून ब्रेकला मदत मिळत नव्हती. इंजिन बंद करून त्यांनी चाकूने चिरलेलं टोक कापलं, उरलेला पाइप ओढून परत बसवला आणि क्लिप आवळली. हात पूर्वीसारखेच सफाईने चालत होते.

"सरक," म्हणाले आणि स्वतः बसले. ब्रेक चार-पाच वेळा मारला, पाय ठेवून गाडी चालू केली. या वेळी पेडल हळूच खाली गेलं. त्यांनी परत बंद केलं, परत चालू केलं. चार वेळा. मग हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिले.

"महिना झाला ब्रेक जड लागून राह्यला होता," ते म्हणाले. "मले वाटलं, माहा पायच गेला."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"काय सांगू? सांगतलं असतं तं तू गाडी चालवू देली असती का?"

महिनाभर ते याच गाडीतून दर बाजाराला आईला घेऊन जात होते. मी भडकले, खूप बोलले. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "पाय चांगला हाय पण माहा," आणि त्यांचे डोळे भरून आले. आम्ही दारव्ह्याला गेलोच नाही. सावकाश घरी आलो.

पुढच्या आठवड्यात नवा पाइप बसवला आणि यवतमाळला त्यांचे कान तपासून घेतले. वरच्या पट्टीतले आवाज दोन्ही कानांना जवळजवळ ऐकूच येत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. घणाच्या आवाजात काढलेली वर्षं बाधली असावीत. कानाला मशीन लावलं तर गाडी चालवता येईल, असंही म्हणाले. बाबांनी मशीन घेतलं. ते जेवताना लावतात, टीव्ही बघताना लावतात.

यवतमाळहून येताना गाडी मी चालवली. त्यानंतर त्यांनी चावी मागितली नाही आणि मीही दिली नाही. परवा शेजारचे एकजण गाडी घेऊन आले, "जयभीम मिस्त्री, जरा आवाज आयका न हिचा," म्हणाले. बाबांनी दारातूनच हात हलवला, "दुसरीकडं दाखव बाप्पा," म्हणाले आणि आत गेले. मशीन कानातच होतं.